मराठवाड्यातील पूर्वजशोध व वंशावळीची प्रमाणे

(१)

मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत ‘नोंद’ हा शब्द गेल्या काही वर्षांत जितका ऐकू येऊ लागला आहे, तितका तो पूर्वी कधी ऐकू येत नसे. आपल्या पणजोबांचे किंवा खापरपणजोबांचे नाव एखाद्या जुन्या सरकारी कागदावर आढळते काय, ह्याचा शोध शेतकरी, विद्यार्थी, नोकरदार असे सर्वच लोक करीत आहेत. आणि हा शोध बहुधा दप्तरखान्यात बसून नव्हे, तर हातातील मोबाइलच्या पडद्यावर चाललेला असतो. ह्याचे निकटचे कारण सर्वांस विदित आहे. मराठा समाजास कुणबी म्हणून प्रमाणपत्रे मिळावीत ह्या मागणीसाठी २०२३ साली जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी येथे उपोषण झाले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात महाराष्ट्र शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून मराठवाड्यातील निजामकालीन कागदपत्रे तपासण्याचे काम तिजकडे सोपविले. पुढे ह्या समितीचे कार्यक्षेत्र सर्व महाराष्ट्रभर वाढविण्यात आले. मराठवाड्यापुरत्या पहिल्या तपासणीत पावणेदोन कोटींच्या आसपास कागद पाहण्यात आले व त्यांत ११,५३० कुणबी नोंदी मिळाल्या, असे शासनाने ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस जाहीर केले. सापडलेल्या नोंदींच्या प्रतिमा जिल्हावार संकेतस्थळांवर ठेवण्यात आल्या, आणि आजवर कडीकुलपात असलेला कागद घरोघर जाऊन पोहोचला.

आरक्षणाचा वाद हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. तो न्यायालयांचा, विधिमंडळाचा व समाजाचा प्रश्न आहे. आमच्यापुढील प्रश्न निराळा व मर्यादित आहे. ज्या मनुष्यास पडद्यावर आपला पूर्वज सापडला असे वाटते, त्यास वस्तुतः काय सापडलेले असते? नाव सापडणे आणि पूर्वज सापडणे ह्यांत अंतर आहे, व ते अंतर कशाने भरून काढावे हे इतिहासाच्या अभ्यासकांनी सांगितले पाहिजे. शासनानेही हे अंतर एका परीने ओळखलेले दिसते; कारण नोंदी मिळाल्यानंतर अर्जदाराचे त्या नोंदीशी असलेले नाते जुळवून पाहण्यासाठी जानेवारी २०२४ मध्ये तालुकास्तरावर वंशावळ समित्या नेमाव्या लागल्या. नोंद ही एक वस्तू, वंशावळ ही दुसरी. पहिलीवरून दुसरी आपोआप सिद्ध होत नाही.

(२)

आपल्याकडे पूर्वजांची नावे टिकविण्याची जी जुनी साधने होती, त्यांचा प्रथम विचार करू. श्राद्धकर्मात पिता, पितामह व प्रपितामह ह्या तिघांचा नामगोत्रपूर्वक उच्चार होतो. सामान्य कुटुंबाची स्मृती बहुधा ह्या तीन नावांशीच संपते. त्यापलीकडे गोत्र व प्रवर सांगता येतात. परंतु ते ऋषींची नावे सांगतात, खापरपणजोबांचे नाव सांगत नाहीत. म्हणजे अलीकडे तीन पिढ्यांचा उजेड आणि पलीकडे ऋषींचा, अशी स्थिती असून मधली शतके काळोखात असतात.

हा काळोख थोडाफार उजळणारे कागद तीन ठिकाणी सापडतात. पहिले ठिकाण तीर्थोपाध्यायांचे घर. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, प्रयाग, गया ह्या क्षेत्रीं यात्रेकरू आला म्हणजे त्याचे गाव, कूळ, वाडवडील, भाऊ व मुलगे ह्यांची नावे उपाध्यायाच्या वहीत लिहिली जात. आमच्या बाजूस अशा वह्यांस नामावळी म्हणतात. दुसरे ठिकाण भाट व हेळवी ह्यांच्या पिढीजात वह्या; हेळवी लोक दक्षिण महाराष्ट्रात व कर्नाटकाच्या सीमेवर घरोघर जाऊन कुळांच्या याद्या वाचून दाखवितात. तिसरे ठिकाण वतनाचे कागद. पाटीलकी, देशमुखी किंवा कुलकर्ण यांविषयी तंटा उपस्थित झाला म्हणजे वादी व प्रतिवादी आपापले करीणे लिहून देत, गोतसभा बसे व तिच्या निर्णयाचा महजर होई. ह्या कागदांत पिढ्यांची लांबलचक मालिका आढळते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे अवश्य आहे. नामावळी ही धर्मकृत्यासाठी व यजमानावरील हक्क राखण्यासाठी लिहिली गेली. करीणा हा वतन मिळविण्यासाठी लिहिला गेला. वंशावळ हवी म्हणून वंशावळ लिहिली, असे जुन्या काळी फारसे घडत नसे. कोणताही कागद वाचताना तो कोणी लिहिला ह्याबरोबरच कशासाठी लिहिला हे विचारावे लागते. करीण्यात आपली शाखा वडील ठरविण्याचा हेतु असे. साहजिकच प्रतिपक्षाच्या करीण्यात तीच शाखा धाकटी ठरत असे.

(३)

आता निजामकालीन कागदांकडे वळू. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, १९५६ साली तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला व १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे. संस्थानाचे मध्यवर्ती दप्तर हैदराबादेतच राहिले, तर तालुक्यांचे व जिल्ह्यांचे दप्तर येथे राहिले. एकाच गावाचा इतिहास अशा रीतीने दोन राज्यांत विभागला गेला आहे. संस्थानाच्या दरबाराची भाषा प्रथम फारसी होती. १८८४ साली तिच्या जागी उर्दू आली. गावपातळीवर मात्र मोडी मराठी चालू होती. त्यामुळे एकाच माणसाचे नाव गावच्या कागदात मोडीत व तालुक्याच्या कागदात उर्दूत, असे दोन वेषांत आढळते.

कागदांचे प्रकारही अनेक आहेत. खासरा पत्र व पाहणी पत्रक ह्यांत जमीन, पीक व कब्जेदार ह्यांची माहिती असते. १९५१ च्या कूळ नोंदवहीत कुळांची नावे असतात. गाव नमुना १४, ज्यास लोक कोतवाल बुक म्हणतात, त्यात जन्ममृत्यूची नोंद असते. शाळांची प्रवेश रजिस्टरे, दस्तनोंदणीचे खरेदीखत व गहाणखत, अबकारी खात्याचे परवाने, पोलिसांची व तुरुंगांची रजिस्टरे ह्या सर्वांत नावे व जाती लिहिलेल्या सापडतात. ह्यांपैकी शाळेच्या रजिस्टराविषयी, आमचे आयुष्य शाळेत गेले असल्यामुळे, दोन शब्द अधिकाराने सांगता येतील. जुन्या रजिस्टरांत असंख्य मुलांची जन्मतारीख १ जून अशी आढळते. ती मुले सर्व त्याच दिवशी जन्मली होती असे नव्हे. शाळा जूनमध्ये उघडत असे, बापास तारीख ठाऊक नसे, आणि मास्तर मुलाच्या अंगलटीवरून वय ठरवून तारीख घालीत. तेव्हा त्या रकान्यावरून वयाचा अदमास कळतो, जन्मदिवस कळत नाही. जातीचा रकानाही कधी बापाच्या सांगण्यावरून, तर कधी मास्तरांच्या सवयीप्रमाणे भरला जाई.

कालगणनेतही घोटाळा होण्यास जागा आहे. हैदराबाद संस्थानातील अलीकडच्या कागदांवर फसली साल असते. त्याचा आरंभ आजूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या सहाव्या तारखेच्या सुमारास होई. फसली सालात ५९० मिळविले म्हणजे ज्या ऑक्टोबरात ते सुरू झाले तो इसवी सन मिळतो. १३४३ फसली म्हणजे ऑक्टोबर १९३३ ते ऑक्टोबर १९३४. हाच आकडा कोणी हिजरी समजला, तर १९२४-२५ साल निघते. नऊ वर्षांचा हा फरक लहान नव्हे. तेवढ्यात बाप मरून मुलगा कब्जेदार झालेला असू शकतो. मराठी कागदांतील शुहूर सन आणखी निराळा. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात.

गॅझेटियरासंबंधाने तर फारच गैरसमज पसरलेला आढळतो. ‘हैदराबाद गॅझेट’ ह्या नावाची चर्चा २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात घरोघर झाली, व २ सप्टेंबर २०२५ रोजी त्यासंबंधीचा शासननिर्णयही निघाला. गॅझेटियराचे कायदेशीर महत्त्व काय असावयाचे ते असो. परंतु गॅझेटियर हा व्यक्तींचा कागद नव्हे. १८८४ चे औरंगाबादचे गॅझेटियर घ्या किंवा १९०९ च्या इंपीरियल गॅझेटियराचा हैदराबाद संस्थानाचा भाग घ्या; त्यांत जिल्हे, पिके, किल्ले व जातवार लोकसंख्या मिळेल, पण आपला खापरपणजोबा मिळणार नाही. जनगणनेच्या मूळ तक्त्यांत व्यक्तीचे नाव असते; परंतु ते तक्ते आपल्याकडे खुले होत नाहीत. १९४८ च्या जनगणना कायद्यान्वये ते कोणास पाहता येत नाहीत, व पुरावा म्हणूनही चालत नाहीत. इंग्लंडात शंभर वर्षांनी जनगणनेचे तक्ते खुले होतात, १९२१ चे तक्ते जानेवारी २०२२ मध्ये खुले झाले; अमेरिकेत बहात्तर वर्षांनी, म्हणजे १९५० चे तक्ते एप्रिल २०२२ मध्ये खुले झाले. पाश्चात्य देशांतील हौशी माणूस सायंकाळी दोन तास बसून पाच पिढ्या मागे जातो, ह्याचे मोठे कारण हे तक्ते होत. आपल्या शोधकास तो रस्ता नाही. त्यास जमिनीच्या व शाळेच्या कागदांचीच वाट धरावी लागते.

(४)

ऑनलाइन मिळणाऱ्या साधनांचे आम्ही तीन वर्ग करतो. पहिला वर्ग मूळ कागदाच्या प्रतिमेचा. जिल्ह्यांची संकेतस्थळे, महसूल खात्याचे ‘आपले अभिलेख’, राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ ही ह्या वर्गाची उदाहरणे. अमेरिकेतील युटा येथील ‘फॅमिलीसर्च’ ह्या संस्थेचे भांडारही येथे सांगितले पाहिजे. त्या संस्थेच्या मागे असलेल्या ख्रिस्ती पंथात मृत पूर्वजांच्या नावाने धर्मविधी करण्याची चाल आहे. म्हणून १८९४ साली त्यांनी वंशशोधनसंस्था काढली, १९३८ पासून जगभरचे कागद सूक्ष्मचित्रफितीवर घेतले, व २०२१ साली सुमारे चोवीस लाख फितींचे संगणकीय रूपांतर पुरे केले. त्यांत हरिद्वार आदी तीर्थांच्या पंड्यांच्या वह्यांच्याही प्रतिमा आहेत. पितरांच्या नावे विधी करावयाचा म्हणून नावे जपणारे दोन अगदी निराळे समाज ह्या वह्यांच्या पानांवर एकत्र यावेत, ही इतिहासातील एक नवलाची गोष्ट होय.

दुसरा वर्ग सूचीचा. कोणी तरी प्रतिमा वाचून नावांची यादी करतो, आणि आपण शोधखिडकीत नाव घातले म्हणजे ती यादी शोधली जाते. ब्रिटिश हिंदुस्थानातील इंग्रज कुटुंबांसाठी १९९८ साली स्थापन झालेली ‘फिबिस’ संस्था अशाच याद्या तयार करते. इंग्रजांच्या बाप्तिस्मा, विवाह व दफन ह्यांच्या नोंदींच्या नकला लंडनला जात असत. त्यामुळे हिंदुस्थानातील एखाद्या छावणीत मरण पावलेल्या शिपायाचा वंशज इंग्लंडात बसून त्याची तारीख काढू शकतो, आणि त्याच छावणीला धान्य पुरविणाऱ्या कुणब्याचा वंशज गावात राहूनही चाचपडतो. सूचीचा उपयोग मोठा आहे, पण सूची म्हणजे कागद नव्हे. ती कोणाचे तरी वाचन आहे, व वाचन चुकू शकते.

तिसरा वर्ग तयार वंशवृक्षांचा. ‘जेनी’ व तत्सम संकेतस्थळांवर कोणीही आपला वृक्ष मांडू शकतो, व दुसरा कोणीही त्याची नक्कल करू शकतो. एकच विधान दहा वृक्षांत आढळले म्हणजे दहा साक्षी मिळाल्या असा भास होतो. पण नवांनी एकाचेच उतरून घेतलेले असते. वि. का. राजवाडे ह्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ह्या मालेचा पहिला खंड काढला, तेव्हा बखरीपेक्षा त्या त्या वेळी लिहिलेल्या अस्सल पत्राला श्रेष्ठ स्थान दिले. ती कसोटी येथे जशीच्या तशी लागू पडते. तयार वंशवृक्ष ही आजची बखर होय. ती वाचावी, तीतून दिशा घ्यावी. प्रमाण म्हणून घेऊ नये.

दगडावर कोरलेल्या वंशावळीसही हीच कसोटी लावावी लागते. तंजावरास बृहदीश्वराच्या मंदिरात सरफोजी राजांनी १८०३ साली भोसले वंशाचा प्रचंड मराठी लेख कोरविला. तो लेख अमोल आहे. परंतु आमच्या जिल्ह्यातील वेरूळच्या बाबाजी भोसल्यांच्या काळापासून तो दोन शतकांहून अधिक दूर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तंजावरास काय मानले जात होते, ह्याचा तो पहिल्या प्रतीचा पुरावा आहे. सोळाव्या शतकात वेरुळास काय घडले, ह्याचा नव्हे.

(५)

नावांच्या वाचनात कोठे अडचण येते ते पाहू. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद बहुधा पाळला जात नाही, अनुस्वार गळतात, आणि शब्द एकमेकांस जोडून लिहिलेले असतात. उर्दूत आपले ‘ण’ व ‘ळ’ नाहीत. ते ‘न’ व ‘ल’ होतात. त्याहून मोठी अडचण नुक्त्यांची. घाईने लिहिणारा कारकून शिकस्ता वळणात नुक्ते देतच नाही. नुक्ते काढून टाकले म्हणजे ‘बाबा’ आणि ‘नाना’ ह्या दोन नावांची आकृती एकच उरते. ‘बाबाजी’ व ‘नानाजी’ ह्यांचीही तीच गत. आमच्याकडे ही दोन्ही नावे प्रत्येक गावात असल्यामुळे सूचीकाराने जे लिहिले ते त्याच्या अंदाजाने लिहिलेले असण्याचा संभव फार असतो.

आडनावाचा अभाव ही पुढची अडचण. जुन्या नोंदीत बहुधा ‘अमुक वल्द तमुक’ एवढेच असते. मराठी कागदांत ‘वल्द’ च्या जागी ‘बिन’ येतो. म्हणजे एका नोंदीत बाप व लेक ह्या दोनच पिढ्यांचा दुवा मिळतो. त्यात आजोबांचे नाव नातवास ठेवण्याची आपली चाल. त्यामुळे एकाच कुळात तीच दोन-तीन नावे पुनःपुन्हा येतात.

ह्याचे सर्वांस परिचित उदाहरण वेरूळच्या भोसले घराण्याचेच आहे. शहाजीराजांचा थोरला मुलगा संभाजी. शिवछत्रपतींचा मुलगा संभाजी, ज्यांचे नाव आज आमच्या शहरास आहे. आणि राजारामांचा मुलगा, कोल्हापूरचा संभाजी. चुलता, पुतण्या आणि त्या पुतण्याचा पुतण्या असे तिघेही संभाजी. तीच गोष्ट शिवाजी ह्या नावाची: थोरल्या महाराजांच्या मागून संभाजीराजांचे पुत्र शाहू ह्यांचे मूळ नाव शिवाजी, व राजाराम आणि ताराबाई ह्यांच्या पुत्राचे नावही शिवाजी. ह्या घराण्याचे हजारो कागद उपलब्ध असल्यामुळे आपण गोंधळत नाही. पण केवळ नाव घालून शोधणाऱ्या यंत्रापुढे ‘संभाजी भोसले’ एवढेच शब्द ठेवले, तर तिघांचा एक होण्यास वेळ लागणार नाही. ज्या घराण्याचे दोनच कागद उरले आहेत, त्याची काय अवस्था होत असेल ह्याची वाचकांनीच कल्पना करावी.

(६)

मग प्रमाण कशास मानावे? याज्ञवल्क्याने व्यवहाराध्यायात लेख, भोग व साक्षी ही तीन प्रमाणे सांगितली आहेत, व ह्यांपैकी एकही नसेल तेव्हाच दिव्याचा आश्रय करण्यास सांगितले आहे. लेख कसा असावा तेही त्याने सांगितले आहे: त्यावर वर्ष, महिना, पक्ष व दिवस असावा, नावाबरोबर जाती, गोत्र व बापाचे नाव असावे. उद्देश स्पष्ट आहे. एका नावाने माणूस ओळखता येत नाही. अनेक खुणा एकत्र आल्या म्हणजे ओळखता येतो.

जेथे हा नियम पाळला गेला, तेथे शोध सुकर झाला आहे. मॉरिशस बेटात १८३४ पासून जे हिंदी मजूर गेले, त्यांत महाराष्ट्रातील माणसेही होती. प्रत्येक मजुरास क्रमांक देऊन त्याचे नाव, बापाचे नाव, जात, गाव व जिल्हा लिहून ठेवीत; पुढे पुढे छायाचित्रही काढीत. ही रजिस्टरे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत. परक्या कारकुनांनी नावांची अक्षरे कितीही पिळली असली, तरी क्रमांक, बाप व गाव ह्या खुणांवरून तेथील मराठी कुटुंबास आपल्या मूळ गावापर्यंत येता येते. मोगलांच्या दक्षिणेतील लष्करी दप्तरातही, जे दप्तर आज हैदराबादच्या अभिलेखागारात आहे, शिपायाच्या नावाबरोबर बापाचे नाव व चेहऱ्याच्या खुणा लिहिलेले ‘अर्ज-ओ-चेहरा’ कागद सापडतात. तत्त्व तेच.

आमच्या खेड्यातील शोधास हे तत्त्व कसे लावावे, हे एका कल्पित उदाहरणाने दाखवू. समजा, अर्जदाराच्या आजोबांचे नाव रामराव. शाळेच्या रजिस्टरात त्यांच्या बापाचे नाव बाबाराव आहे. हा पहिला दुवा. १९५१ च्या कूळ नोंदवहीत त्या गावी ‘बाबा वल्द राघू’ आहे व सर्व्हे नंबर दिलेला आहे. हा दुसरा दुवा. पुढे सूचीत १३४३ फसलीची नोंद ‘राघू वल्द नाना, कुणबी’ अशी दिसते. घरातील वृद्ध सांगतात की राघूच्या बापाचे नाव बाबा होते, व त्यावरूनच नातवाचे नाव बाबा ठेवले. सूची व स्मृती ह्यांत विरोध आला. येथे उतावीळ मनुष्य दोनपैकी एक गोष्ट करतो: नोंद सोडून तरी देतो, किंवा स्मृतीच सोडून देतो. दोन्ही करू नये. मूळ प्रतिमा पाहावी. तीत नुक्ते नसतील, तर ते नाव ‘नाना’ इतकेच ‘बाबा’ ही वाचता येते. म्हणजे विरोध कागदाचा नसून सूचीकाराचा आहे. परंतु एवढ्याने नाते सिद्ध झाले नाही, केवळ शक्य झाले. आता भोग पाहावा. १३४३ फसलीच्या नोंदीतील जमिनीचा सर्व्हे नंबर व १९५१ चा सर्व्हे नंबर एकच आहे काय? शेजारचे कब्जेदार तेच आहेत काय? तसे असेल, तर दोन राघू एकच असल्याचे बळकट प्रमाण मिळाले. नंबर निराळा असेल, तर त्याच गावात दुसरा राघू, कदाचित चुलतभाऊ, असण्याचा संभव राहतो, व शोध तेथेच थांबवून आणखी कागद पाहावे लागतात. एकत्रीकरण योजनेनंतर सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले, म्हणून आजच्या सातबाऱ्यावरून मागे जाणाऱ्याने त्या योजनेचा उताराही मिळविला पाहिजे.

ह्या रीतीने लेख, भोग व साक्षी ही तिन्ही प्रमाणे एकमेकांस तपासून घेतात. दुवा दुव्यानेच सिद्ध होतो. दहा दुव्यांच्या साखळीत नऊ पक्के व एक अंदाजाचा असेल, तर साखळी त्या एकापाशी तुटलेली समजावी. हल्ली काही लोक जनुकतपासणीस दिव्याचे स्थान देऊ पाहतात. दोन पुरुषांचा पितृवंश एक आहे किंवा नाही ह्याविषयी ती काही सांगू शकेल. मधल्या माणसांची नावे ती सांगू शकत नाही. शिवाय आपल्या समाजात दत्तक घेण्याची रीत सर्वत्र होती. दत्तकाच्या नावापुढे घेणाऱ्या बापाचे नाव येते, व धर्म आणि कायदा ह्या दोहोंच्या दृष्टीने तोच वंश होय. तेथे रक्ताची परीक्षा गैरलागू ठरते.

(७)

ज्यांची नावे मिळत नाहीत, त्यांचाही विचार केला पाहिजे. खासरा व कूळ नोंदवही ह्यांत जमीन धरणारे व कसणारे येतात. ज्यास जमीन नव्हती, जो सालगडी होता, जो दुष्काळात गाव सोडून गेला, त्याचे नाव ह्या कागदांत येण्याचे कारणच नव्हते. स्त्रियांची स्थिती तर याहून कठीण. नोंदी बापाच्या नावाने चालतात. आईचे नाव क्वचित येते. लग्नानंतर मुलीचे गाव बदलते, आडनाव बदलते, पुष्कळदा पहिले नावही बदलते. म्हणून पणजीचा शोध दोन पायऱ्यांतच संपतो, आणि अर्धे पूर्वज प्रत्येकाच्या वंशवृक्षातून गळतात. तेथे माहेरच्या गावचे कागद, तीर्थातील नामावळी व घरातील वृद्ध स्त्रियांची स्मृती एवढीच साधने उरतात. ह्यावरून इतके उघड होते की, नाव न सापडणे हा माणूस नसल्याचा पुरावा नव्हे. पडद्यावर ‘नोंद आढळली नाही’ हे शब्द वाचून कोणी आपणांस निर्मूल समजू नये.

सध्याच्या काळात ह्या विवेचनास केवळ पांडित्याचे मोल नाही. जातप्रमाणपत्राच्या कायद्याप्रमाणे दावा सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर असते. एका नोंदीवर मुलाचा प्रवेश, नोकरी किंवा निवडणूक अवलंबून असते. खोटा दुवा जोडला गेला, तर ज्याचा हक्क नाही त्यास लाभ होतो, व पुढे पडताळणीत प्रमाणपत्र रद्द झाले म्हणजे बापाच्या उतावीळपणाचे फळ मुलास भोगावे लागते. खरा दुवा वाचता आला नाही, तर ज्याचा हक्क आहे तो वंचित राहतो. दोन्ही अन्याय सारखेच, आणि दोहोंचे मूळ अनेकदा एका न दिलेल्या नुक्त्यात असते.

म्हणून आमच्या अल्पमतीप्रमाणे तीन गोष्टी तातडीने व्हावयास पाहिजेत. पहिली, प्रतिमा संकेतस्थळावर चढविली म्हणजे मूळ कागदाचे काम संपले असे कोणी मानू नये. प्रतिमेत शाईचा रंग, मागाहून केलेली खाडाखोड, चिकटविलेला तुकडा ह्या गोष्टी नीट कळत नाहीत. संशय आला म्हणजे मूळच पाहावे लागते. दुसरी, मोडी व शिकस्ता उर्दू वाचणारी माणसे तयार झाली पाहिजेत. मोडीचे वर्ग काही ठिकाणी चालतात; पण मराठवाड्याच्या कागदांस दोन्ही लिप्या जाणणारा मनुष्य हवा, आणि असे लोक आज फार थोडे आहेत. तिसरी, सूची करणाऱ्याने संशयित नावापुढे दुसरे संभाव्य वाचनही लिहावे. ‘नाना किंवा बाबा’ असे लिहिण्यात कमीपणा नाही. शोधकास त्याचा फार उपयोग होईल.

वाचकांकडेही एक मागणे आहे. ज्यांच्या घरी जुने खरेदीखत, पट्टा, करीणा, महजर किंवा नामावळीची नक्कल असेल, त्यांनी ती रद्दीत जाऊ देऊ नये, कोणा मध्यस्थाच्या हवालीही करू नये. तिचे स्पष्ट छायाचित्र घ्यावे, कागद कोणाकडून कसा आला ते दोन ओळींत लिहून ठेवावे, व घरातील वृद्ध मंडळी आहेत तोवर त्यांस ठाऊक असलेली नावे, विशेषतः आजी-पणजींची व त्यांच्या माहेरच्या गावांची, त्यांच्याच सांगण्याप्रमाणे टिपून त्यावर तारीख घालावी. अशी टिपणे व छायाचित्रे संशोधनसंस्थांकडे आली, तर मराठवाड्यातील गाववार नावांचा एक विश्वसनीय कोश सिद्ध होईल, व पुढील वाचकांस बाबा आणि नाना ह्यांतील भेद अधिक खात्रीने करता येईल. हे काम एकट्याचे नसून अनेकांचे आहे. ते लवकर हाती घेतले जावे, अशी विनंती करून आम्ही हा लेख पुरा करतो.